उन्हातील दौड व माठाचे पाणी



पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली, म्हणजे वाटेत चुडावा हे लहानसे स्थानक लागते. भोवताली काळी सपाट जमीन, मधूनमधून एखादे लिंबाचे झाड आणि त्यांतून गेलेले डांबरी रस्ते. पोलीस व सैन्य यांच्या भरतीची तयारी करणारे तरुण अशा रस्त्यांवर रोज धावतात. आणि अलीकडे एकवीस किलोमीटरांच्या अर्धमॅरेथॉनची हौसही गावोगाव पसरली आहे. ही हौस आम्हांस प्रिय आहे. आपल्याच जिल्ह्यातील, परभणीच्या ज्योती गवते या २०१७ साली मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिल्या आल्या, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. अशा प्रदेशात लांब धावू इच्छिणाऱ्याने प्रथम एक धडा शिकावा. आणि तो धडा घरातील माठ शिकवितो.

माठातील पाणी गार का होते? मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते, आणि ती वाफ आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. आपला देह हाही असाच एक माठ होय. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर सुमारे ५८० उष्णांक शरीराबाहेर जातात. आता थोडे गणित करू. धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरास साधारणतः एक उष्णांक खर्च होतो. पन्नास किलो वजनाच्या मुलास एकवीस किलोमीटरांसाठी सुमारे १०५० उष्णांक लागतील. त्यांपैकी पाऊण हिश्शाहून कमी नाही इतका भाग, म्हणजे निदान ८०० उष्णांक, केवळ उष्णता होऊन अंगात साठू पाहतो. ती उष्णता बाहेर गेलीच नाही, तर दर किलोमीटरास शरीर जवळजवळ एक अंशाने तापेल. ३७ अंशांवरून निघालेला देह चार-पाच किलोमीटरांतच ४१ अंशांवर पोहोचेल. वाचविणारा एकच, तो म्हणजे घाम. हवा त्वचेहून उष्ण झाली, म्हणजे वाराही अंग निववीत नाही, उलट तापवितो. मग सर्व भार घामावरच पडतो.

माठाविषयी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्या. पावसाळ्यात माठातील पाणी तितके गार होत नाही, कारण दमट हवेत वाफ होत नाही. २०१९ साली कतार देशातील दोहा येथे जागतिक स्पर्धेतील स्त्रियांची मॅरेथॉन ऊन टाळण्यासाठी मध्यरात्री सुरू केली. तरीही दमट उष्म्यामुळे ६८ पैकी ४० जणीच शेवटपर्यंत पोहोचल्या. आपल्या कोरड्या उन्हात धोका निराळा आहे. येथे घाम चटकन वाळतो, म्हणून तो किती गेला हे धावणाऱ्यास कळतच नाही. दुसरी गोष्ट अशी की, माठास बाहेरून चिकट लेप दिला तर पाणी गार होणार नाही. १९१२ साली स्टॉकहोम येथील ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालच्या फ्रांसिस्को लाझारो याने अंगास चरबी चोपडली होती, असे सांगतात. दिवस विलक्षण उन्हाचा होता. तो वाटेतच कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्या शर्यतीस निघालेल्या ६८ पैकी निम्मेच पोहोचले.

याच्या उलट उदाहरण बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांचे. १९२० साली अँटवर्प येथे त्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या दिवशी हवा थंड होती. चौगुल्यांचे सामर्थ्य थोर होते यात शंका नाही. परंतु हवा अनुकूल असली म्हणजेच सामर्थ्य फळास येते, हेही तितकेच खरे.

मग उन्हाळ्यात धावूच नये काय? धावावे, पण विचाराने. शर्यत भरविणाऱ्यांनी ती मार्गशीर्ष-पौषात भरवावी. उन्हात सराव करणे प्राप्तच असेल, तर पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी परतावे. शरीरास उष्म्याची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून अंतर हळूहळू वाढवावे. ताप, जुलाब अथवा जागरण झाले असता त्या दिवशी धावू नये. तहान लागेल तसे पाणी प्यावे; लांब दौडीत ताक, लिंबाचे सरबत किंवा मीठ घातलेले पन्हे घ्यावे. तहान नसता घागरभर नुसते पाणी पिणे हेही घातक आहे, कारण त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उष्माघात होऊ लागला, म्हणजे प्रथम बुद्धीच भ्रमते. म्हणून स्वतःची अवस्था ओळखण्यास धावणारा स्वतः समर्थ राहत नाही. त्याचा सोबती हाच त्याचा डोळा होय. कोणी झोकांड्या देऊ लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा उगीच चिडू लागला, तर त्याचे काहीएक न ऐकता त्यास थांबवावे. घाम येत आहे, म्हणून भय नाही, असे समजू नये. त्यास सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत क्षणभरही न दवडता अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा. जवळ हौद असेल, तर डोके वर धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवावे व सोडून जाऊ नये. शुद्ध नसेल, तर तोंडात पाणी घालू नये. आधी निववावे, मग हलवावे. पहिल्या अर्ध्या तासावर त्याचे प्राण अवलंबून असतात.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीचा दृष्टांत घेतला आहे, आणि तेथे धावणाऱ्याच्या वेगापेक्षा त्याच्या संयमावर भर दिला आहे. आम्हांसही तेच सांगावयाचे आहे. वाटेत थांबणे ही हार नव्हे, आणि कोसळलेल्या सोबत्यासाठी आपली दौड सोडणे ही तर नव्हेच. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा भरेल. सोबती पुन्हा मिळणार नाही. तेव्हा मित्रहो, धावण्यास निघण्यापूर्वी घरातील माठाचे दोन घोट पाणी प्या, आणि त्याने शिकविलेला धडा विसरू नका.