वसंतातील हिमवाट
(इयत्ता चौथी व पाचवी : परिसर अभ्यास)

पाठाचा हेतू : ऊन, उतार व दिवसाची वेळ यांमुळे हिमाचे रूप कसे पालटते, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे, तसेच धोका ओळखून वेळीच परत फिरणे हे शहाणपणाचे लक्षण होय, हे त्यांच्या मनावर ठसविणे.

विषयप्रवेश : महाराष्ट्रातील बहुतेक मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो रसवंतीत किंवा गोळेवाल्याच्या गाडीवर. आकाशातून पडणारे हिम त्यांच्या पाहण्यात नसते. म्हणून आरंभ कळसूबाईपासून करावा. राज्यातील हे सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंच आहे. पाठातील वाट याच्या दुपटीहून अधिक उंचीवर जाते. दर १,००० मीटर चढल्यास हवेचे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, हे फळ्यावर लिहून मुलांकडून हिशेब करवून घ्यावा.

पाठ : उत्तराखंडातील रुद्रप्रयाग जिल्ह्यात चोपता हे ठिकाण आहे. तेथून तुंगनाथाच्या मंदिराकडे सुमारे ३.५ किलोमीटरांची फरसबंदी पायवाट चढत जाते. पंचकेदारांपैकी एक असलेले हे मंदिर सुमारे ३,६८० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात ते बंद असते व देवाची पूजा खाली मक्कूमठ येथे होते. चैत्रात खालच्या रानात बुरांसाची तांबडी फुले बहरतात; वरच्या वाटेवर मात्र हिवाळ्यातील हिम अद्याप शिल्लक असते.

एकाच डोंगराच्या एका अंगास कोरडी माती व दुसऱ्या अंगास हिम, असे का? त्या भागात मध्यान्हीचा सूर्य नेहमी दक्षिणेस असतो. दक्षिणेकडील उतारास ऊन भरपूर मिळते. उत्तरेकडील उतारास ते कमी व तिरपे मिळते. तेथे हिम अधिक दिवस टिकते.

हिम दिवसभरही एकसारखे राहत नाही. दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठते. त्यामुळे पहाटे फरशीवर काचेसारखा गुळगुळीत बर्फ असतो व पाय घसरतो. ऊन चढू लागले म्हणजे पृष्ठभाग किंचित मऊ होतो, बुटाची टाच रुतते व चालणे सोपे जाते. दुपारी हिम भुसभुशीत होऊन पाय खोल जातो. तीव्र उतारावरील ओले हिम घसरून खाली येण्याचे भयही तेव्हा वाढते.

काही धोके डोळ्यांस दिसत नाहीत. काळा दगड उन्हाने तापतो व त्याच्याभोवतीचे हिम आतून वितळते. वरून सपाट दिसणारी जागा पोकळ असते. ओढ्यावरील हिमाचा थरही खालून वाहत्या पाण्याने झिजत असतो. याशिवाय स्वच्छ, ताजे हिम ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकते; त्याने डोळ्यांस इजा होते. म्हणून काळा चष्मा आवश्यक असतो.

जाणता वाटाड्या काठीने हिम चाचपतो आणि मगच पाऊल टाकतो. थर कच्चा वाटला, तर देऊळ समोर दिसत असतानाही तो मागे वळतो. देऊळ कोठे जात नाही. पुढल्या खेपेस जाता येते.

कृती : बर्फाचे दोन सारखे तुकडे उन्हात ठेवावे. एकावर काळे व दुसऱ्यावर पांढरे पातळ फडके घालावे. कोणता तुकडा आधी वितळतो, ते मुलांनी पाहून वहीत लिहावे आणि हिमातील काळ्या दगडाशी त्याचा संबंध सांगावा.

प्रश्न :
१. उत्तरेकडील उतारावर हिम अधिक दिवस का टिकते?
२. पहाटेचे व दुपारचे हिम यांत कोणता फरक असतो?
३. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवरील ओढ्यास पूर आला आहे व पाणी फरशीवरून वाहत आहे. पलीकडे शाळा दिसते. तुम्ही काय कराल? का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलाकडून तोंडी घ्यावे. हिमाची वाट या मुलांपैकी थोड्यांच्याच वाट्यास येईल. ओढ्याची वाट अनेकांस दर पावसाळ्यात चालावी लागते.