सौंसरला दवाखाना टाकणाऱ्या पुतणीला

बेटा, लहान मुलांच्या दातांचा दवाखाना तू सौंसरला टाकते आहेस, फार बरं वाटलं. खुर्ची कोणती घ्यायची, भिंतीवर कार्टून काढायचं की नाही, हे तुला माझ्याहून जास्त कळतं. मी सांगतो ते माणसांचं.

आधी आजीला आपलंसं कर. पोराला आई आणते, पैसे बाप देतो, पण "दुधाचाच दात आहे, पडून जाईल" हा निकाल आजीचा असतो. तिच्याशी वाद घालू नकोस. पोराचं तोंड उघडून तिलाच मोजायला लाव. मधोमधपासून मागे पाच दात दुधाचे. त्यांच्या मागची सहावी दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, मागच्या मोकळ्या जागेत ती गुपचूप उगवते, म्हणून घरात सगळे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. गेली की दुसरी येत नाही. शिवाय दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. सातव्या वर्षी एखादी उपटली तर ही सहावी पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दातांची जागा अडवते. आजीनं हे एकदा स्वतः मोजलं की पुढचं काम तीच करते, मोहल्लाभर सांगत फिरते. बोर्डावर पैसे घालण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

आपल्याकडे पोट्टं दुखल्याशिवाय येत नाही, आणि आलं की रात्रभर जागलेलं असतं. त्या दिवशी फक्त दुखणं थांबव. बाकीच्या चार किडी दिसल्या तरी हात लावू नकोस. दुखत नसेल तर पहिल्या भेटीत दात मोजून, ब्रश करून घरी पाठव. प्रत्येक गोष्ट आधी सांग, मग दाखव, मग कर. एअरोटरचं पाणी आधी त्याच्या नखावर उडव. बाहेर बसलेल्या बापाला मात्र स्पष्ट बजाव की "चूप बस, नाही तर डॉक्टर सुई लावतील" ही धमकी माझ्या दवाखान्यात चालायची नाही. एवढं एक वाक्य तुझी सगळी मेहनत पाण्यात घालतं. आणि दाढ बधिर केलीस तर आईला सांगून ठेव, बधिरपणा उतरेपर्यंत पोरगं ओठ चावतं. संध्याकाळी सुजलेला ओठ पाहून घरचे तुझ्याच दारात भांडायला येतील.

पोरं शाळेत हिंदी, घरी मराठी बोलतात. पोरगं ज्या भाषेत तोंड उघडेल त्या भाषेत बोल.

पैशाचं आधी बोल. नसेचं काम, वर स्टीलची कॅप, मिळून किती, ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दे. अंबिया बहाराचा संत्रा विकला की लोकांचा हात मोकळा असतो, पावसाळ्यात नसतो. जे थांबू शकतं ते थांबव, हप्ते करून दे. कीड थांबवायचं चांदीचं औषध स्वस्त आहे, पण दाताला काळा डाग पडतो. फोटो दाखवल्याशिवाय लावू नकोस.

नागपूर जवळ आहे, ते विसरू नकोस. हृदयाचा आजार असलेलं किंवा पूर्ण भूल लागणारं मूल सरळ तिथल्या सरकारी दंत महाविद्यालयात पाठव. पाठवल्यानं इज्जत जात नाही, उशिरा पाठवल्यानं जाते.

बारा-तेरा वर्षांचा मुलगा आला की दात पाहण्याआधी गाल पाहा. मध्य प्रदेशात गुटखाबंदी 2012 पासून आहे, पण सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून मिळतोच, आणि तो आणायला घरचेच पोराला पाठवतात. खर्र्यानं तोंड आखडलं आहे का, म्हणजे त्याच्याच हाताची तीन बोटं उभी तोंडात मावतात का, ते बघ. नाही मावली तर आईला बाहेर बसवून त्याच्याशी एकट्यानं बोल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर दगडफेकीची गोटमार होते, त्या दिवशी तिथं कुणाचे दात पडले तर नवल नाही. पण तुझ्या पोरांना दगड कशाला हवा, सायकल पुरते. म्हणून जवळच्या शाळांतल्या मास्तर-बाईंना भेटून ये. कायमचा दात मुळासकट निघाला तर वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, घासायचा नाही, मळला असेल तर नुसता धुवायचा, जमलं तर लगेच जागेवर बसवायचा. नाही जमलं तर थंड दुधात टाकून तासाभराच्या आत आणायचा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून शाळेत लाव, खाली मोबाइल नंबर लिही, आणि रविवारी फोन बंद ठेवू नकोस.