बाळ मागेल, अंग देईल

अगं, डोहाळजेवण झालं, पाळणा धुऊन ठेवला, दुपट्यांच्या घड्याही लागल्या. आता मागे राहिली ती पहिलटकरणीची नेहमीची धास्ती: मला दूध येईल ना? येईल गं बाई. पण ते कसं तयार होतं हे आधी समजून घे, म्हणजे चार बायका चार गोष्टी सांगायला लागल्या की तू गांगरणार नाहीस. मावशीचं एवढं ऐक.

१. छातीच्या आकाराची काळजी आजपासून सोड – आकार ठरतो बराचसा चरबीवर, आणि दूध तयार होतं आतल्या ग्रंथींमध्ये. लहान चणीच्या बायकांनीही जुळी पोसली आहेत.

२. आत काय आहे ते एकदा डोळ्यांपुढे आण: द्राक्षांच्या घडासारखे बारीक दूधकोश, त्यांच्याभोवती दूध पिळून काढणाऱ्या पेशींची जाळी, आणि बोंडापर्यंत येणाऱ्या नळ्या – एवढं कळलं की पान्हा का फुटतो आणि गाठ का धरते, हे वेगळं शिकावं लागत नाही.

३. आठव्या-नवव्या महिन्यात ब्लाऊजवर पिवळसर डाग दिसला तर घाबरू नकोस, आणि नाही दिसला तरी खट्टू होऊ नकोस – तयारी चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनच झालेली असते. वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन दुधाला तेवढं थोपवून धरतं.

४. बोंडाला साबण चोळू नकोस, आंघोळीचं पाणी पुरे – भोवतालच्या काळ्या भागावर दिसणारे बारीक उंचवटे म्हणजे तेलग्रंथी. त्या कातडी मऊ ठेवतात, आणि त्यांच्या वासाने बाळाला वाट सापडते.

५. बाळंतपणानंतर पहिल्या तासाभरात बाळाला उघड्या छातीवर घे. सिझर झालं तर नर्सबाईंना आधीच सांगून ठेव – कातडीला कातडी लागली की बाळ ऊब धरतं आणि आपणच तोंडाने शोधायला लागतं.

६. चीक टाकायचा नाही, कुणी त्याला कितीही नावं ठेवो – रोगांशी लढणारी द्रव्यं त्यातच ठासून भरलेली असतात. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी छोट्या चमच्याएवढंच लागतं, आणि चीकही तेवढाच येतो.

७. मध, साखरपाणी, गुटी यांतलं काही चाटवू देऊ नकोस – वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. सासूबाईंपुढे डॉक्टरांचं नाव घे, म्हणजे त्यांचाही मान राहतो आणि तुझाही.

८. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती एकदम जड आणि घट्ट होईल, बावरू नकोस – वार पडली की प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिनला मोकळीक मिळते. पहिल्या खेपेला किंवा सिझरनंतर एखादा दिवस उशीरही होतो.

९. जितकं पिणं, तितकं येणं. सगळं विसरलीस तरी एवढं विसरू नकोस – दूध साठून राहिलं की कोश काम कमी करतात, रिकामे झाले की पुन्हा जोमाने लागतात.

१०. घड्याळ भिंतीला, बाळ छातीला. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायची तयारी ठेव, आणि बाळ मूठ चोखू लागलं, मान वळवून शोधू लागलं की लगेच घे – रडून लालबुंद झालेलं बाळ धड लागतही नाही.

११. मोठा आ, सोपं पिणं. वरच्या ओठाला बोंड लाव, जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांब, मग बाळाला छातीकडे आण. तू वाकू नकोस – बाळाने नुसतं बोंड नव्हे, काळा भागही तोंडात घ्यायला हवा. हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला आणि गिळल्याचा बारीक आवाज आला, की पकड बरोबर.

१२. पाजून झाल्यावर बोंड बघ. ते चपटं किंवा पांढुरकं दिसलं तर पकड चुकली. दुखत असताना दात खाऊन सोसू नकोस, ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी सरकवून सोडव आणि पुन्हा लाव – ओढून काढलं की भेग पडते, भेगेपायी पाजणं टळतं, आणि टळलं की दूध कमी होतं.

१३. सैल खांदा, वाहता पान्हा. पाठीला उशी आणि हाताशी पाण्याचा तांब्या घेऊन बस, बघ्यांना खुशाल बाहेर पाठव – बाळ ओढू लागलं की ऑक्सिटोसिन कोश पिळतं, आणि भीती, दुखणं, संकोच यांनी तेच अडतं. एका बाजूला पाजताना दुसरी भिजेल, कधी बाळाचा नुसता आवाज ऐकून ब्लाऊज ओला होईल, तोच पान्हा.

१४. एक बाजू पुरती पिऊ दे, मग दुसरी दे – छाती रिकामी होत जाते तसं दुधातलं स्निग्ध वाढत जातं.

१५. रात्रीचं पाजणं चुकवू नकोस – रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं बाळाच्या बाबांकडे दे, त्यांनाही जागू दे थोडं.

१६. शंकेचं बोट, दुधाला खोट. "पुरत नसेल" म्हणून बाटली आणण्याआधी लंगोट मोज – पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज निदान ६ ओले निघाले आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलं, तर पुरतंय. उगाच वरचं दूध दिलं की बाळ कमी ओढतं आणि दूध खरंच घटतं. पण बाळ सुस्त पडलं किंवा शू कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

१७. गाठ धरली तर पाजत राहा, नंतर गार पट्टी ठेव, आणि जोराने रगडू कुणालाही देऊ नकोस – रगडल्याने सूज वाढते. लाली आणि थंडीताप आला तर डॉक्टरांकडे जा. तेव्हाही पाजणं सहसा थांबवायचं नसतं.

१८. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी आनंदाने खा – पहिल्या सहा महिन्यांत तुझ्या अंगाला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. पण लाडू तुझ्या पोटात आणि बाळ पाळण्यात, असं मात्र नको. दूध वाढतं ते बाळाच्या ओढण्याने.

१९. सहा महिने बाळाला वरचं पाणीसुद्धा नको, भर वैशाखातही – दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं, आणि इवलं पोट पाण्याने भरलं की दुधाला जागा उरत नाही.

२०. बाळ लवकर जन्मलं किंवा त्याला ओढता येत नसेल, तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दे – छाती रिकामी होत राहिली तरच दूध टिकतं. अशा नाजूक बाळांसाठी मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. गरज पडली तर डॉक्टरांना दुग्धपेढीबद्दल विचार.

२१. एवढं करूनही कमी पडलं तर स्वतःला बोल लावू नकोस, तपासून घे – थायरॉइड, छातीवरची जुनी शस्त्रक्रिया, वारेचा आत राहिलेला तुकडा, अशी कारणं खरोखर असतात. थोडं तुझं, थोडं वरचं, असं करून वाढलेली मुलंही गुटगुटीत असतात; आणि अडलीस तर मध्यरात्रीही मला फोन कर.