डिजिटल सोल्डरिंग स्टेशन : गटाने कधी घ्यावं, कसं वापरावं

गणपती-दिवाळीसाठी एलईडीच्या माळा जोडून दादर-लालबागच्या बाजारात देणारे आणि वर्षभर गावातले बंद बल्ब दुरुस्त करणारे गट आता आपल्यात आहेत. त्यांच्या सभेत हमखास निघणारा विषय म्हणजे, दोन-तीनशे रुपयांचं साधं आयर्न सोडून दोन-तीन हजारांचं डिजिटल स्टेशन घ्यावं का? पैसा बचतीचा आहे. म्हणून ठराव करण्याआधी हा पाठ सगळ्यांनी मिळून वाचावा.

पहिल्यांदा साध्या आयर्नची खोड समजून घेऊ. त्याला आपण किती तापलोय हे कळतच नाही. प्लग लावला की तापत राहायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यात आपल्या गावचं व्होल्टेज! २५ वॅटचं आयर्न २३० व्होल्टवर २५ वॅट देतं. व्होल्टेज १८० वर आलं की तेच जेमतेम १५ वॅट देतं. मग संध्याकाळी सोल्डर धड वितळत नाही. रात्री उशिरा व्होल्टेज चढलं की तेच आयर्न बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडून टाकतं. दोष मात्र बाईच्या हाताला दिला जातो.

स्टेशनमध्ये टोकाजवळ तापमान मोजणारा सेन्सर असतो. आपण ३४० अंश ठरवले की टोक थंड पडताच तो जास्त वीज मागतो आणि गरम झालं की वीज तोडतो. भाकरी टाकली की तवा थंडावतो, आपण जाळ वाढवतो, तसंच. फक्त इथे जाळाकडे लक्ष ठेवणारा वेगळा आहे.

तरी प्रत्येक गटाने स्टेशन घ्यावं असं मी म्हणणार नाही. नुसते माळेच्या वायरींचे जोड असतील तर साधं आयर्न पुरतं. बल्बचे ड्रायव्हर, चार्जिंगचे टॉर्च, सोलर दिवे असं बोर्डावरचं काम रोज असेल तर हिशेब बदलतो. समजा, महिन्याला १० बोर्ड जळून वाया जातात आणि एकामागे ४० रुपये बुडतात. म्हणजे महिन्याला ४०० रुपये. अडीच हजारांचं स्टेशन सहा-सात महिन्यांत आपली किंमत भरून काढतं. आपल्या वहीतले खरे आकडे घालून हा हिशेब सभेत मांडा.

बायकांना हे काम जमेल का, हा प्रश्न अजून कुणी विचारत असेल तर सांगा : आयआयटी मुंबईच्या सोल प्रकल्पात सौर दिव्यांची जुळणी गावोगावच्या लोकांनीच केली, त्यात बचत गटाच्या बायकाही होत्या. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी महिलांनी तर त्यापुढे जाऊन सोलर पॅनलचा स्वतःचा कारखाना उभा केला.

खरेदी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला करा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, विचारताना मात्र लॅमिंग्टन रोडच म्हणा. मुंबई सेंट्रलच्या एसटी स्थानकावरून चालत जाता येतं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. दोघी-तिघी जा आणि दुकानातच यंत्र लावून दाखवायला सांगा. साधारण ६० वॅटचं, तीन पिनचा प्लग असलेलं स्टेशन पुरे. सुटी टोकं आणि हीटर त्याच दुकानात मिळतात का, हे आधी विचारा. सुटा भाग मिळत नसेल तर स्वस्तातलं यंत्रही महाग पडतं. गटाच्या नावाने जीएसटी बिल घ्या. घरी तिसऱ्या पिनेला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या.

आता वापर. नेहमीचं ६०/४० सोल्डर, म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं, १८३ ते १९० अंशांत वितळतं. तरी आकडा ३२० ते ३५० ठेवायचा, कारण वायर आणि पट्टी दोन-तीन सेकंदांत तापायला हवी. बिनशिशाच्या सोल्डरला साधारण ३५० ते ३८० लागतात. लवकर काम व्हावं म्हणून ४५० करू नका. फ्लक्स जळतो, टोक काळं पडतं आणि सोल्डर चिकटेनासं होतं. मोठा जोड तापत नसेल तर आकडा वाढवण्याआधी रुंद चपटं टोक लावून बघा. बल्बमधली एलईडीची गोल पाटी ॲल्युमिनियमची असते, ती सगळी उष्णता ओढून घेते. तिथे पाटी खालून तापवावी लागते, नुसत्या स्टेशनने भागत नाही.

जोड कसा द्यायचा हे कल्हईवाल्याला पाहिलेल्या बायकांना लगेच कळेल. तो आधी भांडं तापवतो, नवसागर टाकतो, मग कथील फिरवतो. थंड भांड्यावर कथील पसरत नाही. इथेही टोक वायर आणि पट्टी दोन्हींना टेकवा, मग सोल्डर जोडाला लावा, टोकाला नाही. नवसागराचं काम सोल्डरच्या पोटातला फ्लक्स करतो. खरा नवसागर किंवा ॲसिड मात्र बोर्डाला लावू नका, तांबं खाऊन टाकतं. चांगला जोड डोंगराच्या उतारासारखा पसरतो. मण्यासारखा गोळा दिसला तर पुन्हा तापवा. बिनशिशाचा जोड मुळातच थोडा मंद दिसतो, त्याला खराब समजू नका.

टोकाला कानस किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही. जुनी तांब्याची टोकं घासायचो, ते चालायचं. या टोकावर लोखंडाचा पातळ थर असतो, तो गेला की आतलं तांबं झिजून टोक संपतं. पितळी तारेच्या गोळ्यात पुसा आणि बंद करताना टोकावर थोडं सोल्डर राहू द्या. पडद्यावर ३५० दिसतंय पण सोल्डर वितळत नाही, असं झालं तर यंत्र बंद करून थंड होऊ द्या, मग टोकाचा नट ढिला आहे का पाहा. आकडा आतल्या सेन्सरचा असतो, टोकाच्या शेंड्याचा नव्हे.

शिशाबद्दल हयगय नको. या तापमानाला निघणारा धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो. त्याने खोकला, दमा होतो. खिडकीजवळ बसा, धूर तोंडापासून बाजूला जाईल असा पंखा लावा. शिसं पोटात जातं ते हातातून. म्हणून कामाच्या टेबलावर चहा-फराळ नाही, उठताना साबणाने हात धुवायचे, रांगतं मूल त्या खोलीत नाही. गरोदर बाईला माळा तपासणं, पॅकिंग, हिशेब असं काम द्या आणि तिचा वाटा कमी करू नका. बल्ब नेहमी होल्डरमधून काढूनच उघडा. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज थोडा वेळ राहते.

पुढच्या सभेला प्रत्येकीने भंगार बोर्डावर २० जोड देऊन आणावेत, दहा साध्या आयर्नने आणि दहा कुणाकडून तरी मागून आणलेल्या स्टेशनने. ते शेजारी ठेवून सगळ्यांनी पाहावेत आणि मगच ठराव लिहावा.