बाळू जेवेना तेव्हा

आमचा बाळू गावठी, सहा वर्षांचा, आजारापूर्वी वजन 22 किलो. साताऱ्याकडच्या आमच्या गावात त्याने कधी भाकरीला नाही म्हटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे गेल्या भाद्रपदात त्याने ताटली हुंगून मान फिरवली तेव्हा घरात एकमताने निदान झालं, नखरे करतोय. आई म्हणाली, "तूच लाडावून ठेवलायस." मग मी आणखी लाड केले.

भाकरी नको म्हणून मटणाचा रस्सा, रस्सा नको म्हणून दूध-पोळी, मग अंडं, मग बिस्किटं. चार दिवस हेच चाललं. रस्सा त्याने दोनदा चाटला आणि आम्हाला केवढा आनंद! त्या रश्श्यात घरचा कांदा-लसूण मसाला होता. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, हे मला नंतर कळलं. बाळूला झाला होता गोचिडताप, त्यात रक्त आधीच कमी होत असतं. म्हणजे मायेने मी त्याचं दुखणंच वाढवत होतो.

चौथ्या संध्याकाळी मी त्याहून मोठी चूक केली. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली, सुई काढून तिच्यात पेज भरली, बाळूचं तोंड आभाळाकडे धरलं आणि दांडा दाबला. त्याला जोरात ठसका लागला, पेज नाकातून आली. अशी पेज फुप्फुसात उतरली तर न्युमोनिया होतो. आमचं नशीब म्हणून ते टळलं. पण त्या दिवसापासून मी नुसती ताटली घेऊन आलो तरी तो खाटेखाली शिरायचा.

पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. तो काय खातो हे त्यांनी आधी विचारलंच नाही. ओठ उचलून हिरडी पाहिली, ती पांढुरकी होती. ताप 104.5, कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड सापडले. रक्त तपासलं तर प्लेटलेट 38 हजार, जिथे निदान दीड-दोन लाख हव्यात. "तो रुसलेला नाही," डॉक्टर म्हणाले, "त्याला मळमळतंय. तापात तुमच्यापुढे कुणी रस्सा धरला तर खाल?"

सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन आणि डॉक्सिसायक्लिनच्या 28 दिवसांच्या गोळ्या. मळमळ थांबल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून पाणी प्यायलं, तिसऱ्या दिवशी चार घास.

तेव्हा सांगायचं ते हे. मोठ्या कुत्र्याने 24 तास काही खाल्लं नाही तर मेनू बदलू नका, डॉक्टर गाठा. पिल्लू असेल तर तेवढीही वाट पाहू नका. उलट्या, काळी शी, नाकातून रक्त किंवा पाणीही नको, यातलं काही दिसलं तर लगेच निघा. शेजारी आपली तापाची नाहीतर गुडघेदुखीची गोळी अर्धी करून द्यायला सांगतील, मलाही सांगितलं होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. तेवढं एक मी केलं नाही.

सिरिंजने भरवायचं की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. भरवायला सांगितलंच तर मान सरळ ठेवून, गालाच्या बाजूने, एक-दोन मिली, आणि त्याने गिळल्याशिवाय पुढचं नाही. औषध जेवणात लपवू नका. एकदा कडू लागलं की तो त्या अन्नालाच पाठ फिरवतो. डॉक्सिसायक्लिन दुधातून तर नकोच, आणि गोळीमागून थोडं पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जळजळ होते.

भूक परतू लागली की बिनमिठाचा, बिनमसाल्याचा भात आणि उकडलेलं चिकन, हाताला जेमतेम कोमट लागेल इतकं. कोमट अन्नाला वास येतो. चमचाभरच वाढा. पंधरा मिनिटांनी ताटली उचला आणि तोवर त्याच्याभोवती घिरट्या घालू नका. (आईला हे शेवटपर्यंत जमलं नाही.) किती खाल्लं, कितीदा लघवी केली, उलटी झाली का, हे आम्ही कालनिर्णयच्या चौकटींत लिहीत होतो. डॉक्टरांना माझ्या बोलण्यापेक्षा त्या कॅलेंडरचाच जास्त उपयोग झाला.

म्हातारं कुत्रं असेल, मूत्रपिंडं निकामी झाली असतील, तर हिशेब वेगळा असतो. तिथे भरवणं कधी थांबवायचं हेही डॉक्टरांना स्पष्ट विचारा, मनात ठेवू नका.

बाळू आता परत 21 किलोंवर आलाय. तुमचं कुत्रं आज धडधाकट असेल तर आजच त्याचा ओठ उचलून हिरडी पाहून ठेवा. बोटाने दाबून सोडलीत की दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग पाहा.