पाखरांच्या पट्ट्यासाठी बियाणे निवडताना

मृगाचा पाऊस झाला की सोयाबीन, कपाशी, तुरीच्या बियाण्याची जुळवाजुळव सुरू होते. त्याच धांदलीत बांधालगतचा दोन मीटर रुंदीचा पट्टा पाखरांसाठी राखून ठेवा. सलग सोयाबीनच्या शिवारात मुनिया, सुगरण, लावे यांना टिपण्यासारखा दाणा नसतो आणि लपायला आडोसाही नसतो. शंभर मीटर लांबीच्या पट्ट्याला जेमतेम दोन गुंठे जागा लागते.

अनेकजण नुसती बाजरी फेकतात आणि थांबतात. एवढ्याने भागत नाही. चिमणी, सुगरण दाणे खातात खऱ्या, पण पिलांना त्या अळ्या आणि किडे भरवतात. म्हणून दाण्याबरोबर फूल आणि किडेही मिळतील असे मिश्रण हवे. चवळी त्यासाठी उत्तम. तिच्यावर मावा येतो, माव्यामागे ढालकिडा आणि क्रायसोपा येतात, आणि तिथे वाढलेले हे मित्रकीटक शेजारच्या कपाशीतही उतरतात. कारळा, म्हणजेच खुरासणी, पाऊस ओसरता ओसरता पिवळा होतो आणि मधमाश्यांना भरपूर खाद्य देतो. चवळीवर मावा दिसला म्हणून घाबरून फवारणी करू नका, त्याच्यासाठीच तर ती पेरली आहे.

वाण निवडताना नेहमीचा विचार उलटा करावा लागतो. कुसळाची बाजरी पाखरांना त्रासदायक, म्हणून राखणीचे कष्ट वाचवते. आपल्या पट्ट्यात मात्र बिनकुसळाचीच घ्या. तांबड्या दाण्याच्या तुरट ज्वारीला पाखरे टाळतात, तेव्हा ज्वारी पांढऱ्या दाण्याची असावी. राळ्याचा बारीक दाणा मुनियांच्या चोचीला सोयीचा. राळ्याचे गावरान बियाणे दुकानात सहज मिळत नाही. आठवडी बाजारात किंवा बियाणे जपणाऱ्या महिला गटांकडे चौकशी करा. अकोले तालुक्यातील पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी घरच्या बियाण्यांचे मोल महाराष्ट्राला पटवून दिले, त्यामुळे असे गट आता बऱ्याच ठिकाणी आहेत.

दोन गुंठ्यांसाठी माझ्या हिशेबाने ज्वारी 50 ग्रॅम, बाजरी, राळा आणि कारळा प्रत्येकी 25 ग्रॅम आणि चवळी 100 ग्रॅम पुरते. सगळे एकत्र करून मात्र फेकू नका. चवळी आणि ज्वारी 4 ते 5 सेंटीमीटर खोल चालतात, राळा तेवढ्या खोल गेला तर उगवतच नाही. आधी जाड बियाणे ओळीत टोका, मग बारीक बियाणे चाळलेल्या शेणखतात किंवा वाळूत मिसळून वरच्या वर पेरा. ज्वारी-बाजरी बांधाच्या बाजूला आणि राळा-कारळा मोकळ्या बाजूला ठेवले तर उंच पिकाच्या सावलीत ठेंगणे पीक दबत नाही.

बियाण्याची पारख करताना हयगय नको. कीटकनाशक किंवा बुरशीनाशक चोळलेले रंगीत बियाणे या पट्ट्यात अजिबात वापरू नका. उघड्यावर राहिलेला एकेक दाणा पाखरे वेचतात आणि त्यातून विषबाधा होते. बाजरी अरगटमुक्त करण्यासाठी लिटरभर पाण्यात 200 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका, तरंगलेले काढून नष्ट करा, तळाचे बी धुऊन सावलीत वाळवा. कारळ्यात अमरवेलीचे बी मिसळलेले असू शकते. ते एकदा शिवारात आले की पिच्छा सोडत नाही, म्हणून नीट चाळून घ्या. कपाशीलगतच्या पट्ट्यात भेंडी आणि अंबाडी टाळा, त्यांवर गुलाबी बोंडअळी पोसली जाते.

तुमचे मुख्य पीकच ज्वारी किंवा बाजरी असेल तर दाण्याचा पट्टा करू नका, पाखरांचे थवे तिथून थेट पिकात उतरतील. तिथे चवळी-कारळा पुरे. जंगलालगत रानडुकरे, रोही येत असतील तर मका, भुईमूग तर नाहीच, ज्वारीसुद्धा नको. कारळ्याला जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणून अशा बांधावर तोच भरवशाचा.

तूर किंवा हरभऱ्यात वेगळा पट्टा शक्य नसेल, तर पेरताना हेक्टरी 200 ग्रॅम ज्वारी मिसळा. तिची ताटे कोतवाल, साळुंकी, वेडा राघू यांना बसायला मिळतात आणि तिथून ते घाटेअळी टिपतात.

मुख्य पिकावर फवारणी करावीच लागली तर ती संध्याकाळी, वारा पट्ट्याकडे वाहत नसताना करा. कोवळ्या ज्वारीने जनावरांना किराळ लागते, तेव्हा पट्टा फुलोऱ्यात येईपर्यंत गुरे दूर बांधा. कणसे पिकल्यावर पुढच्या वर्षाच्या बियाण्यापुरती चार-दोन चांगली काढून घ्या आणि बाकीची ताटे फेब्रुवारीपर्यंत तशीच उभी राहू द्या. उन्हाळी नांगरटीत ती आपोआप मातीत जातील.