फेऱ्यांचे व्रत

कॅनडा देशातील ऑन्टॅरिओ प्रांतात मिल्टन नावाचे एक गाव आहे. टोरांटो या मोठ्या शहराच्या पश्चिमेस वसलेल्या या गावात एव्हरग्रीन नावाची एक जुनी दफनभूमी आहे. उंच झाडे, हिरवळ, थडग्यांचे दगड आणि त्यांच्यामधून वळत जाणारी अरुंद वाट, असे तिचे स्वरूप आहे. अशा ठिकाणी माणसे येतात ती हलक्या पावलांनी, आपल्या गेलेल्या आप्तांची आठवण मनात घेऊन. आणि थोडा वेळ थांबून परत जातात. परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभीची काही वर्षे तेथे येणाऱ्यांना एक निराळेच दृश्य दिसत असे. पांढऱ्याशुभ्र केसांचे, अंगाने अत्यंत कृश असे एक वृद्ध गृहस्थ त्या वाटेवरून धावत असत. थडग्यांच्या आड ते दिसेनासे होत आणि काही मिनिटांनी पुन्हा त्याच वळणावर दिसत. पाहणारा आपले काम उरकून घरी परते. तरी त्यांचे धावणे चालूच असे.

या गृहस्थांचे नाव एड व्हिटलॉक. त्यांचा जन्म इंग्लंडमधील लंडन येथे १९३१ साली झाला. शाळेत व महाविद्यालयात असताना ते उत्तम धावत. पुढे खाणकामाचे अभियंते होऊन ते कॅनडात गेले. तेथे नोकरी आणि संसार यांच्या व्यापात धावणे मागे पडले, ते अनेक वर्षे मागेच राहिले. वयाच्या चाळिशीनंतर त्यांनी पुन्हा धावायला आरंभ केला. पण तो मध्यम अंतराच्या शर्यतींसाठी. मॅरेथॉनची त्यांना मुळीच ओढ नव्हती. त्यांच्या धाकट्या मुलाने चौदाव्या वर्षी मॅरेथॉन धावण्याचा हट्ट धरला. वडिलांनी त्याला परोपरीने समजावले, मुलगा ऐकेना. तेव्हा, पोराला एकटे कसे सोडावे, या काळजीने वडीलही त्याच्याबरोबर धावले. ज्या शर्यतीने पुढे त्यांचे नाव जगभर झाले, तिच्याशी त्यांची पहिली ओळख अशी झाली!

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. १८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत ही शर्यत प्रथम झाली. एवढे अंतर तीन तासांत तोडायचे म्हणजे प्रत्येक किलोमीटर सुमारे सव्वाचार मिनिटांत धावावा लागतो. आणि असे एकामागून एक बेचाळीस किलोमीटर, वाटेत न थांबता! चांगला सराव असलेल्या तरुणालाही ही गोष्ट सोपी नाही. मग वृद्धाची काय कथा? वय वाढते तसा हृदयाच्या ठोक्यांचा कमाल वेग कमी होतो, स्नायू क्षीण होत जातात, सांधे कुरकुरू लागतात. यामुळे सत्तरी गाठलेल्या कोणाही माणसाला तीन तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करता आलेली नव्हती. व्हिटलॉक यांनी नेमकी हीच गोष्ट करून दाखवण्याचे मनात आणले.

२००१ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी तसा प्रयत्न केला. ते उत्तम धावले. पण अंतिम रेषा ओलांडली तेव्हा तीन तासांवर काही सेकंद होऊन गेले होते. ही चूक अर्ध्या मिनिटाहूनही कमी होती. हिशेब केला तर प्रत्येक किलोमीटरमागे एक सेकंदसुद्धा भरत नाही! एवढ्या थोडक्यासाठी हातचे यश गेले. त्यातच पुढे गुडघ्याच्या दुखण्याने त्यांना गाठले आणि धावणे थांबवणे भाग पडले. तरुणाला एक वर्ष वाया गेले तर दुसरे मिळते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे तसे नसते. त्याचे प्रत्येक वर्ष त्याच्या पायांतील थोडा वेग घेऊन जाते. व्हिटलॉक यांना हे पुरते ठाऊक होते. तरीही दुखणे कमी होताच ते पुन्हा दफनभूमीच्या वाटेवर आले. आरंभी थोडा वेळ, मग थोडा अधिक, असे करीत त्यांनी आपला सराव हळूहळू वाढवत नेला.

त्यांच्या सरावाचा आठवडा मोठा विलक्षण होता. आणि त्याचे वैलक्षण्य हे की त्यात विलक्षण असे काहीच नव्हते. सोमवारी फेऱ्या, मंगळवारी फेऱ्या, बुधवारी पुन्हा त्याच फेऱ्या. दफनभूमीतील वाटेची एक फेरी सुमारे अर्ध्या किलोमीटरची. तीस किलोमीटर धावायचे तर अशा साठ फेऱ्या घालाव्या लागत. व्हिटलॉक फेऱ्या मोजत बसत नसत. ते केवळ वेळ पाहत. सराव भरात आला की ते एका वेळी दोन-दोन, तीन-तीन तास धावत. त्यांची गती मंद असे. पावले आखूड पडत आणि जमिनीपासून फारशी उचलली जात नसत. दुखऱ्या गुडघ्यांना धक्का बसू नये म्हणून त्यांनी ही चाल स्वीकारली होती.

धावण्यासाठी दफनभूमीच का, असा प्रश्न अनेकांना पडे. त्याचे उत्तर अगदी साधे होते. ती त्यांच्या घराजवळ होती. तेथे मोटारींची वर्दळ नव्हती. झाडांमुळे वाऱ्याचा जोर कमी लागे. मध्येच काही दुखले-खुपले तर घर हाकेच्या अंतरावर होते. इतर काही गूढ कारण त्यात नव्हते. त्यांना कोणी शिक्षक नव्हता, खास आहार नव्हता, महागडी साधनेही नव्हती. त्यांचे बूट व बनियन इतके जुने असत की पाहणाऱ्याला नवल वाटे. मिल्टनच्या हिवाळ्यात बर्फ पडते, थंडी शून्याखाली उतरते. तरी फेऱ्यांचा क्रम शक्यतो मोडत नसे.

मग रविवार येई. या दिवशी पुष्कळदा जवळपासच्या गावी पाच किंवा दहा किलोमीटरची एखादी शर्यत असे. आठवड्यातील संथ फेऱ्या घालणारा हा वृद्ध त्या दिवशी पूर्ण वेगाने धावे आणि आपल्याहून कितीतरी लहान असलेल्यांना मागे टाकी. वेगाचा वेगळा सराव ते सहसा करीत नसत; या लहान शर्यती हाच त्यांचा वेगाचा सराव. संथ फेऱ्यांनी दम वाढावा आणि शर्यतींनी वेगाची धार टिकावी, अशी त्यांच्या आठवड्याची रचना होती. सोमवारी पुन्हा दफनभूमी आणि पुन्हा फेऱ्या!

या साध्या क्रमामागे शरीराचा एक नियम आहे. मंद गतीने पण दीर्घकाळ धावले की हृदय बळकट होते आणि एका ठोक्यासरशी अधिक रक्त पुढे ढकलू लागते. पायांच्या स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. त्यामुळे स्नायूंना प्राणवायूचा पुरवठा अधिक होतो. मात्र हे बदल एका दिवसात घडत नाहीत. थेंबे थेंबे तळे साचे, तसे ते साचत जातात. आणि सराव सोडला की ओसरूही लागतात. व्हिटलॉक ८१ वर्षांचे असताना मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली. प्राणवायू वापरण्याची त्यांच्या शरीराची शक्ती त्या वयाच्या माणसांहून फार मोठी असल्याचे दिसून आले. घराण्यातील दीर्घायुष्याचा वारसा आपल्याला लाभला आहे, हे ते मोकळेपणाने सांगत. परंतु वारसा मिळाला तरी फेऱ्या स्वतःलाच घालाव्या लागतात.

२८ सप्टेंबर २००३ हा दिवस उजाडला. तो रविवारच होता. ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठाने होणाऱ्या टोरांटोच्या मॅरेथॉनसाठी धावपटू जमले होते. त्यांत ७२ वर्षांचे व्हिटलॉक उभे होते. दोन वर्षांपूर्वी काही सेकंदांनी निसटलेले यश आज हाती लागणार होते, किंवा कदाचित कायमचे दूर जाणार होते. शर्यत सुरू झाली. अशा शर्यतीत आरंभी उतावळेपणा केला तर शेवटी पाय साथ देत नाहीत. आणि आरंभी फार जपून धावले तर गेलेला वेळ भरून येत नाही. व्हिटलॉक यांच्याजवळ दफनभूमीतील असंख्य तासांची शिदोरी होती. तिच्या बळावर ते धावत राहिले आणि अंतिम रेषेवर पोहोचले तेव्हा २ तास ५९ मिनिटे १० सेकंद झाले होते. उरलेला अवकाश केवळ ५० सेकंदांचा! पण तेवढ्याने काम झाले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तीन तासांच्या आत मॅरेथॉन पुरी केल्याचे जगाने प्रथमच पाहिले.

पुढच्याच वर्षी, ७३ वर्षांच्या वयात, त्यांनी हे अंतर २ तास ५५ मिनिटांच्या आत तोडले. त्यानंतर मात्र वयाने आपला कर वसूल करायला सुरुवात केली. ८० व्या वर्षी त्यांना त्याच अंतरासाठी सव्वातीन तास लागले. २०१६ साली, ८५ व्या वर्षी, त्यांनी ३ तास ५६ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली. त्या वयात चार तासांच्या आत पोहोचणारे तेच पहिले. पूर्वीपेक्षा एक तास अधिक लागला, म्हणून त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. काल आपण किती वेगाने धावलो याचे दुःख करण्यापेक्षा, आज या वयात किती धावू शकतो हे पाहावे, अशी त्यांच्या धावण्याची दिशा होती. त्यानंतर काही महिन्यांनी, १३ मार्च २०१७ रोजी, ८६ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. सत्तरीतील धावपटूंचा त्यांचा विक्रमही पुढे मोडला गेला. विक्रम मोडण्यासाठीच असतात. पण कोणीतरी प्रथम वाट पाडावी लागते.

व्हिटलॉक यांच्या चरित्रातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. लोक त्यांना विचारीत, रोज तीन तास धावताना किती आनंद होत असेल! यावर ते सरळ सांगत, की सराव त्यांना कंटाळवाणा वाटतो. आवडते ती शर्यत आणि शर्यत चांगली झाल्याचे समाधान. जगातील एवढा मोठा धावपटू, पण सरावाचा त्यालाही कंटाळा येई! त्याच्यात आणि इतरांत भेद एवढाच, की कंटाळा आला म्हणून त्याने फेरी सोडली नाही. पाढे पाठ करताना, अक्षर घोटताना, गायनाचा एकच पलटा पुनःपुन्हा घेताना कोणाला कंटाळा येत नाही? कंटाळा येणे हा दोष नव्हे. त्याच्या स्वाधीन होणे हा दोष.

तीन तासांच्या फेऱ्यांचे अनुकरण मात्र कोणी करू नये. वाढत्या वयातील मुलांनी आपल्या शक्तीप्रमाणे आणि शिक्षकांच्या सल्ल्याने व्यायाम करावा. घ्यायचा तो त्या फेऱ्यांमागचा निश्चय. शर्यतीच्या दिवशी हजारो लोक टाळ्या वाजवतात. दफनभूमीत टाळ्या वाजवणारे कोणी नसते. तरीही शर्यत जिंकली जाते ती तेथेच; कोणी पाहत नसताना, सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी.

अभ्यास

१. व्हिटलॉक यांनी सरावासाठी दफनभूमीची निवड का केली?

२. २००१ सालच्या अपयशानंतर त्यांच्यापुढे कोणत्या अडचणी होत्या?

३. संथ फेऱ्या आणि रविवारच्या शर्यती यांचा एकमेकींना कसा उपयोग होई?

४. ‘कंटाळा येणे हा दोष नव्हे, त्याच्या स्वाधीन होणे हा दोष.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

५. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा : परोपरीने समजावणे, हाकेच्या अंतरावर असणे, थेंबे थेंबे तळे साचे.